स्पॅनिशच्या वर्गातली बाई

पेरूमधल्या एका शाळेत विनामोबदला इंग्रजी शिकवायला जायचं ठरलं, तेव्हा मी धरमपेठेत स्पॅनिशचा वर्ग लावला. पहिल्या बाकावर साठीची एक बाई बसायची. कामठीहून ऑटोनं यायची आणि प्रत्येक शब्द डोळे मिटून पुटपुटायची.

एकदा मी विचारलं, “मावशी, तुम्ही काहून शिकून राहिल्या?”

“माही पोरगी पेरूत शिकवाले गेली होती. तापानं तिथंच गेली. जिच्या घरी राहे, त्या बाईनं तिले शेवटचं पाणी पाजलं. तिच्याशी मले माह्या तोंडानं बोलाचं हाय.”

पेरूच्या शाळेचं पत्र माझ्या वहीतून डोकावत होतं; मी ते हातानं झाकलं.

“तू बी तिकडंच जाऊन राहिली का?”

मी कशीबशी मान हलवली. तिनं माझा हात घट्ट धरला.

“जाय वं. पण मायले रोज आवाज ऐकवजो.”