आत्याच्या संग्रहालयाला काय द्यायचं?

आत्या पहाटे गेली आणि दुपारपर्यंत आम्ही सगळं उरकलंसुद्धा. 'उरकलं' हाच शब्द मी त्या दिवशी फोनवर ज्याला-त्याला सांगत होतो... आता आठवला तरी मान खाली जाते.

सुधाआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण, एका गावात कोळशाच्या खाणीच्या दवाखान्यात नर्स होती. खाण बंद पडली, निम्मं गाव उठून गेलं, ही मात्र निवृत्तीनंतरही तिथेच राहिली आणि ओस पडलेल्या दवाखान्यात तिने गावाचं संग्रहालय थाटलं. गावातलं कुणी वारलं की घरच्यांनी त्याच्या रोजच्या वापरातली एक वस्तू आणून द्यायची, एवढाच नियम. पोचे पडलेले जेवणाचे डबे, टाचा झिजलेले बूट, एका सुईणीची कात्री. मी चिडवायचो, "आत्या, हे म्युझियम आहे की भंगारचं दुकान?" ती म्हणायची, "तलवारी पाहाले रायपूरचं म्युझियम आहे ना, पोट्ट्या. इथं डबेच राहू दे." शेवटच्या आजारपणात आम्ही तिला रायपूरला, समता कॉलोनीत आमच्या घरी आणलं, पण ती चौकशी करायची ती तिथल्याच माणसांची.

गेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण घरात ठेवू नये म्हणतात. ही रीत आम्ही इतक्या उत्साहाने पाळली, की तेरवीच्या आत तिच्या साड्या, चपला, चष्मा, चहाचा कप... सगळं गेलं. खोलीला रंगही दिला. मला घरून काम करायला खोली हवीच होती, खोटं कशाला बोलू?

तेरवीला त्या गावाहून शेवंताबाई आल्या. आत्यासोबत संग्रहालय त्याच सांभाळायच्या. जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "भाऊ, बाईचं काही द्या ना. तिकडं ठेवाले." मी लगबगीने फ्रेम केलेला मोठा फोटो आणला.

"फोटो नाही जी. वापरलेलं काही."

मी कपाटं उघडली, माळा पाहिला, स्वयंपाकघरातली भांडी खालीवर केली. बायको माझी नजर चुकवत होती. शेवटी त्या नव्या रंगाच्या वासात उभं राहून मला सांगावं लागलं, "काहीच ठेवलं नाही आम्ही."

"असू द्या," त्या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मागच्या आठवड्यात न राहवून मी तिथे गेलो. फळीवर डब्यांच्या आणि बुटांच्या मधे वीतभर जागा मोकळी होती. खाली चिठ्ठी चिकटवलेली : 'सुधाबाई, नर्स'. शेवंताबाई फडकं मारत आल्या आणि ती मोकळी जागाही त्यांनी तेवढ्याच निगुतीने पुसली.

"हे काहून रिकामं ठेवलं?" मी विचारलं.

"सापडलं तर आनजा, भाऊ," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसापाशी काही ना काही राहतेच."