गाडीच्या मनातलं

नवी मुंबईत गाडीच्या मनातलं ओळखणारा एकच माणूस आहे आणि ते माझे व्याही आहेत. मूळचे शिरवण्याचे. नव्या शहरासाठी शेती गेल्यावर त्यांनी तुर्भ्याच्या खाणीवर डंपर चालवला आणि तीसेक वर्षांत त्यांचा कान असा तयार झाला, की जेवता जेवता, बाहेरून गेलेला ट्रक कितव्या गिअरमध्ये होता आणि कितव्यात असायला हवा होता, हे ते घास न थांबवता सांगत. माझ्या मुलीच्या लग्नात तर कहर झाला. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि हॉलबाहेरच्या चढावर एक टेम्पो तिसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत होता. वरपित्याला ते सोसेना. "अरे टाक रे, टाक आता दुसरा!" ते ओरडले. 'टाक' एवढंच ऐकून पुढच्या दोन रांगांनी अक्षता टाकल्या. गुरुजींनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मुलीच्या बापाने अशा वेळी मान खाली घालायची असते, ती मी घातली.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा उजवा कान गेला, डावा निम्मा राहिला. डॉक्टरांनी सांगायच्या आतच त्यांनी गाडीची किल्ली देव्हाऱ्याजवळ ठेवून दिली. "ज्याला गारीचं आयकू येत नाय, त्यानं स्टेरिंगला हात लावू नये," एवढंच म्हणाले. प्रश्न उरला तो त्यांच्या अठरा वर्षांच्या गाडीचा. माझ्या जावयाकडे गिअर नसलेली नवी गाडी. त्याने सरळ सांगितलं, "बाबा, चालवणारं कोणी असेल तर ठेवू. नाहीतर दिवाळीच्या आत भंगारात देऊन टाकू, सोसायटीत पार्किंग एकच आहे." व्याह्यांनी घरभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी नुकताच निवृत्त झालेला, आयुष्यात सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही. "व्याहीबुवा, तुमी शिका," ते म्हणाले. वरपक्षाला नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही.

रविवारी सकाळी, कारखाने बंद असताना, तुर्भ्याच्या मागच्या रस्त्यांवर आमची शिकवणी चाले. गाडीत बसताच ते आधी स्पीडच्या काट्यावर आपला रुमाल टाकत. मी विचारलं, मग गिअर कधी बदलायचा हे कळणार कसं? तर म्हणाले, "भूक लागली ते घड्याळात बगून समजतं काय तुमाला?" चौतीस वर्षं कचेरीत एकच्या ठोक्याला डबा उघडलेला मी माणूस, मला तसंच समजत होतं. स्वतः ते शेजारच्या सीटवर बसून डॅशबोर्डवर तळहात टेकवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर आई ठेवते तसा. आता खरी गंमत अशी, की त्यांच्या घरात व्याह्याला उलट शब्द बोलत नाहीत. मी कितीही घोळ घातला तरी मला रागावायची सोय नव्हती. मग ते गाडीची समजूत घालत. मी पहिल्यातच गाडी दामटत निघालो, की डॅशबोर्ड थोपटत म्हणत, "रडू नको बाय, व्याही नवीन हाय. देल, आता दुसरा देल." मी चौथ्यात चढावर गेलो, की "जरा सोस गं, शिकलेला मानूस हाय, त्याला टाइम लागतो." एवढी सभ्य आणि एवढी झोंबणारी बोलणी मी साहेबांकडूनही कधी खाल्ली नव्हती.

लायसन्सच्या परीक्षेला पहिल्यांदा मी सपशेल नापास झालो. ट्रॅकवर रुमाल नव्हता, त्यामुळे काटा दिसला आणि माझ्यातला कारकून जागा झाला. काटा तीसवर आल्याशिवाय दुसरा टाकायचा नाही असं मनाशी ठरवून मी अख्खा सरळ पट्टा पहिल्यातच किंचाळत पार केला. शेजारी बसलेले परीक्षक साहेब म्हणाले, "काका, पुन्हा फॉर्म भरा." पुढची तारीख मिळाली ती दिवाळीच्या अगोदरच्या आठवड्यातली. भंगारवाला तोवर गाडी बघून गेला होता. नापास झालो त्या दिवशी व्याही मला काहीच बोलले नाहीत, गाडीलाही नाही. ते मात्र मला फार लागलं.

दुसऱ्या खेपेला ते ट्रॅकच्या जाळीबाहेर उभे होते. मी आठाचा आकडा कसाबसा काढला, चढावर थांबून पुन्हा निघालो आणि सरळ पट्ट्याला लागलो. काट्याकडे बघायचं नाही म्हणून समोर बघत होतो. इंजिनाचा आवाज चढत चढत गेला, मग त्यात काहीतरी ओढल्यासारखं, मागितल्यासारखं वाटलं, आणि मी विचार करायच्या आत माझ्या हाताने दुसरा टाकलेला होता. "रडू नको बाय," माझ्या तोंडून निघून गेलं. साहेबांनी दचकून विचारलं, "कोणाला बोलताय?" मी म्हटलं, सवय आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कागदावर पास लिहिलं. बाहेर आलो तेव्हा व्याही आधी बॉनेटवर हात फिरवून आले, मग माझ्याकडे. "दुसरा बरोबर टाकलात," म्हणाले. एवढ्या लांबून ऐकू कसं आलं? "आयकू कुठं येतं! ती खूश होऊन निघाली, ते बगितलं." त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले, खोटं कशाला बोलू?

गाडी राहिली. दर रविवारी मी त्यांना शिरवण्याच्या देवळात नेतो. आता डावा कानही गेल्यात जमा आहे. शेजारी बसतात, तळहात डॅशबोर्डवर, आणि मोठ्याने विचारतात, "काय बोलते ती?" मी तितक्याच मोठ्याने सांगतो, "तिसरा मागतेय." ते मान हलवतात. महिन्याभरापासून इंजिनात एक खडखड सुरू झाली आहे. मेकॅनिक म्हणाला, फार दिवस नाही काढणार. परवा व्याह्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "खूश आहे." देऊळ येईपर्यंत ते डॅशबोर्ड हळूहळू थोपटत राहिले.