टेप कुठल्या अंगाने

आटेमास्तरांना खऱ्या नावाने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी प्लंबिंगची कामं केली आणि तीस वर्षं भेटेल त्याला पाइपाच्या आट्यांवर प्रवचन दिलं, त्यातूनच हे नाव चिकटलं. नळ बसवायला गेले की घरमालकाची सुटका नसे. "हे बघा, टेप म्हणजे मलमपट्टी नव्हे. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाचे काटे फिरतात तशी गुंडाळायची. ताणून. म्हणजे नळ पिळताना ती आवळत जाते. उलटी गुंडाळलीत की उलगडते, गोळा होते, आणि मग बसा बोंबलत." घरमालक मान डोलवायचे. त्यांना फक्त पाणी हवं असायचं.

घरी मात्र हे प्रवचन कधी झालं नाही. बायकोने एकदा विचारलं होतं, "इतकं काय असतं हो त्या पांढऱ्या फितीत?" तेव्हा "तुला काय करायचंय" म्हणून त्यांनी विषय मिटवला. हत्यारांच्या पिशवीला तिने हात लावलेलाही त्यांना खपत नसे.

एका सकाळी बूट घालता घालता त्यांचा उजवा हात खाली पडला तो पडलाच. दवाखान्यातून सोळा दिवसांनी घरी आले तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि वाचा गेली होती. एक शब्द तेवढा मागे राहिला होता: उद्या. ज्या शब्दावर सगळा धंदा चालवला, तोच. उद्या येतो, उद्या बघतो, उद्या नक्की. बायको सुरुवातीला रडतारडताच हसली होती. "गिऱ्हाइकांचे शाप लागले हो तुम्हाला," म्हणाली.

डोकं मात्र जागेवर होतं. सगळं कळायचं. वाक्य आत नीट जुळायचं, ओठापर्यंत यायचं, आणि बाहेर पडायचं ते "उद्या". चहा हवा, तरी उद्या. उशी सरकव, तरी उद्या. परगावी असलेली लेक फोनवर विचारायची, "बाबा, बरं वाटतंय ना?" आणि तेही उद्याच. आठ महिने असे गेले.

मग स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला. तोटीतून नव्हे, नळ भिंतीत शिरतो तिथल्या जोडातून. आधी एक ओघळ होता, दोन दिवसांत ओट्यावर डबकं साचू लागलं. बायकोने धांदल्याला फोन केला. हा मास्तरांचा जुना जोडीदार. नावाप्रमाणेच तो सदा घाईत असायचा, पण माणूस वाईट नव्हता. "वहिनी, तीन दिवस एका इमारतीत अडकलोय. तोवर बादली लावा," म्हणाला.

"बादली कसली लावा," फोन ठेवून बायको म्हणाली. "आयुष्यभर प्लंबरचा संसार केला, एक नळ नाही का बसवता येणार?" तिने बाहेरचा कॉक बंद केला, मास्तरांना हाताला धरून आणलं, दारात खुर्चीवर बसवलं आणि पलंगाखालची पिशवी ओढून काढली. मास्तरांना राग यायला हवा होता. उलट छाती भरून आली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच या घरात असं काही होणार होतं, ज्यातलं त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

पान्याने नळ सुटला. तिने जुनी टेप खरवडली, आटे पुसले. छान, मास्तर मनात म्हणाले. तिने आट्यांचं तोंड स्वतःकडे धरलं. शाब्बास! आणि मग तिने टेप गुंडाळायला घेतली, ती थेट उलटी.

"उद्या," मास्तर म्हणाले.

"उद्या नाही, आजच करायचंय."

"उद्या! उद्या!" त्यांनी डाव्या हाताने खुर्चीचा हात बडवला.

"कमी पडली का? बरं, अजून चार वेढे." चार वेढे पडले, तेही उलटे. नळ पिळता पिळता टेप शेवाळासारखी बाहेर आली. कॉक उघडला तर पाणी आधीपेक्षा जोरात.

दुसऱ्या खेपेला तिने नळ हातात धरून त्यांच्यासमोरच बसकण मारली. "दाखवा बघू. बोलू नका, नुसतं दाखवा." मास्तरांनी डावा हात उचलला आणि हवेत सावकाश गोल काढला, घड्याळाच्या काट्यांसारखा. तिने निरखून पाहिलं. "अहो, तेच तर करतेय मी!"

मास्तरांच्या लक्षात आलं. ती समोर बसली होती. त्यांचं उजवं ते तिचं डावं. माझ्या शेजारी येऊन बस, एवढं एकच सांगायचं होतं. चार शब्दांचं काम. त्यांनी घाम फुटेपर्यंत जोर लावला. "उद्या" आला.

मग त्यांना युक्ती सुचली. आपणच उलटा गोल काढायचा, म्हणजे तिला सुलटा दिसेल. त्यांनी तसा काढला.

तिने कपाळाला हात लावला. "घटकेत असं, घटकेत तसं! तुम्हाला तरी आठवतंय का धड?" हे बोलून तिलाच वाईट वाटलं असावं, कारण ती लगेच खाली बघून टेप गुंडाळू लागली. याही खेपेला उलटीच.

मास्तर उठले. उठता येत नाही हे विसरून उठले. डावा पाय ओल्या फरशीवर सरकला आणि ते खुर्चीसकट आडवे झाले. फार लागलं नाही. पण त्यांना उचलायला तिला जमेना. ती त्यांच्या बगलेत हात घालून ओढायची, आणि दोघंही घसरून परत पाण्यात बसायची. शेवटी शेजारच्या काकांना बोलवावं लागलं. नळ तसाच गळका बसवला. ओट्यावर परात ठेवली.

तीन दिवसांनी धांदल्या आला. "कसे आहात मास्तर?" हे असं मोठ्याने, जणू त्यांचे कानच गेले होते. उभ्याउभ्याच त्याने टेप काढली, न ताणता जेमतेम पाच वेढे मारले. पण सुलटे. नळ बसला. एक थेंब नाही.

बायको शेजारी उभं राहून बघत होती. "अच्छा, या अंगाने होय?" ती गर्रकन मास्तरांकडे वळली. "मग सांगायचं नाही का!"

तिने पदर तोंडाला लावला. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. आठ महिन्यांत ती त्यांच्याशी असं भांडली नव्हती, पूर्वीसारखं, उत्तर येणार हे धरून. त्यांच्याकडे उत्तर होतं. लांबलचक, चांगलं खमंग.

धांदल्याने चहा घेतला. निघताना त्याचं लक्ष पिशवीकडे गेलं. "वहिनी, हत्यारं गंजतील अशी. मी वापरली तर?"

"घेऊन जा," ती म्हणाली. मास्तरांनी जोराने मान हलवली: नाही. ती त्यांच्यापाशी आली, खाली वाकली आणि म्हणाली, "अहो, नको ती घरात. दिसली की तुम्ही धडपडता. परवा डोकं आपटलं असतं तर मी कुणाकडे बघायचं?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. मास्तरांनी तिचं मनगट पकडलं, पण तिला वाटलं आधार हवाय. तिने दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला आणि थोपटत राहिली.

"येतो मास्तर!" धांदल्या ओरडला. पिशवी दाराच्या चौकटीला आपटली. मग जिन्यावरून पान्यांची खणखण तीन मजले खाली उतरत गेली. फाटक लागेपर्यंत ती ऐकू येत होती.