आमच्या हातात कोयता नव्हता

मुद्देमालाचं सील तोडलं आणि कोयता कोर्टाच्या टेबलावर आला. पात्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. ज्याची मान त्या कोयत्यानं तोडली होती, त्या पोराची आई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत वार झाले होते. मी आरोपीचा, म्हणजे एका मंत्र्याच्या मुलाचा, वकील. अशा मोठ्या घरच्यांना सोडवण्यातच माझी हयात गेली.

आम्हा वकिलांची एक खोड आहे. अशिलाच्या वतीनं बोलताना आम्ही सरळ ‘आम्ही’ म्हणतो. आम्ही तिथे नव्हतो, आम्ही वार केला नाही. या एका शब्दात शिरून मी किती खून नाकारले, कोण जाणे. संध्याकाळी काळ्या कोटाबरोबर तो शब्दही खुंटीला लागतो, अशी माझी समजूत होती. रक्ताचा वास घरापर्यंत कधी आला नाही.

उलटतपासणीत मी तो कोयता उचलून तिच्यासमोर धरला.

“बाई, तुम्ही खोटं बोलताय. आमच्या हातात कोयता नव्हताच.”

ती माझ्या मुठीकडे बघत राहिली.

“आता हाय की, सायेब,” ती म्हणाली.