सातवे शील

आमच्या नृत्यसंचाचा नांदेडचा प्रयोग भाद्रपद पौर्णिमेला ठरला, तेव्हा दिग्दर्शिकाबाईंना तो योग फार छान जुळून आला असे वाटले. बुद्धकथेवरचे नृत्य आणि पौर्णिमेची संध्याकाळ. मलाही ते पटले. रात्रीच्या जेवणाआधी मी चाकूरला आईला फोन केला, तारीख सांगितली, आणि तिने "पुनवेला?" एवढेच विचारले. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आले की ज्या एका व्यक्तीने त्या सभागृहात बसावे असे मला वाटत होते, तिला नेमके त्याच दिवशी तिथे बसता येणार नव्हते.

पावसाळ्यातल्या तीन महिन्यांच्या वर्षावासात प्रत्येक पौर्णिमेला आई अष्टशील घेते. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जाते, दुपारनंतर अन्न घेत नाही आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत आठ नियम पाळते. त्यांतले सातवे शील नृत्य, गायन, वादन आणि तमाशे न पाहण्याचे आहे. बाबा गेल्यापासून तिने एकही पौर्णिमा चुकवलेली नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईचा तो नेम आहे. त्यात अपवादाला जागा नसते.

"दुसरा दिवस न्हाई का मिळत?" तिने विचारले.

"सभागृह तेवढाच दिवस मोकळं आहे. दुसऱ्या दिवशी बाकीचे सगळे कार्यशाळेसाठी हैदराबादला जाणार."

"बघू मग," ती म्हणाली.

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही.

हे नृत्य आम्ही नांदेडनंतर करणार नव्हतो. संचातल्या दोघी परदेशी निघाल्या होत्या आणि बाईंना नवे काम खुणावत होते. जुन्या, पवित्र मानलेल्या कथा घ्यायच्या आणि आजच्या शरीराने त्यांना प्रश्न विचारायचे, ही आमची रीत. महाकाव्यांतले प्रसंग झाले, संस्कृत नाटके झाली. या वेळची कथा माझ्या घरातली होती. मेलेले मूल कडेवर घेऊन एक आई बुद्धाकडे येते आणि औषध मागते. ज्या घरात कुणी मेलेले नाही तिथून मोहरी आण, असे तो सांगतो. ती दारोदार फिरते आणि तसे घर तिला सापडत नाही. ही कथा मी विहारात सतरंजीवर बसून इतक्यांदा ऐकली होती, की पुण्यात पहिल्यांदा ती भूमिका मिळाल्यावर मला आनंदापेक्षा हक्काची जाणीव अधिक झाली.

आमच्या सादरीकरणात मूल नव्हते. माझे हात रिकामे असायचे आणि त्यांत वजन आहे हे प्रेक्षकांना पटवायचे असायचे. मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी. दिवसा प्रयोगशाळा आणि संध्याकाळी सराव, असा माझा दिनक्रम आहे. त्यामुळे हा प्रश्न मी माझ्या पद्धतीने सोडवला. कडेवर ओझे असले की गुरुत्वमध्य सरकतो आणि पाठीचा कणा विरुद्ध बाजूला झुकतो. मी हातांकडे लक्षच दिले नाही, कण्याकडे दिले. पुण्याच्या प्रयोगात लोक रडले. आईने ते फोनवर पाहिले होते. "बारीक दिसतं," एवढेच म्हणाली. फोनवर वजन दिसत नाही. तिने ते समोरून पाहावे, ही इच्छा तेव्हापासूनची.

प्रयोगाच्या दोन दिवस आधी मी लातूरमार्गे चाकूरला पोहोचले. आई पांढऱ्या साडीला इस्त्री करत होती. मी प्रवासात सगळा युक्तिवाद तयार करून ठेवला होता.

"नियमाचा हेतू काय असतो?" मी विचारले. "मन भरकटू नये, हाच ना? हे पाहून मन भरकटत नाही, उलट धम्माकडेच जातं. म्हणजे हा नियम इथं लागूच होत नाही."

"वकील का न्हाई झालीस गं?"

"लातूरला सायन्सला तूच घातलंस."

"हाव, चुकलंच माझं."

तिने इस्त्री उभी केली. मुलांना फळ्याजवळ बोलावताना ती जसे पाहायची, तसे तिने माझ्याकडे पाहिले.

"बरं. तुझं सगळं पटलं असं धर. आता एवढंच सांग. तू तिथं करून राहिलीस, ते नाच हाय का न्हाई?"

तिने साडीची घडी सरळ केली.

"धम्माची कथा सांगून राहिलीस म्हण, वंदना म्हण. नाच न्हाई, एवढं तुझ्या तोंडानं म्हण. मी शेजारच्या ताईला घेऊन येते अन् म्होरच्या रांगेत बसते. आठ वाजोस्तोवर, लागलं तर दहा वाजोस्तोवर."

ती थट्टा करत नव्हती. तिला यायचे होते. त्यासाठी तिला माझ्याकडून एक वाक्य हवे होते, आणि ते वाक्य तिने माझ्यावर विश्वास ठेवून मागितले होते. माझी मुलगी विज्ञान शिकलेली आहे, ती गोष्टींना बरोबर नावे देते, असे ती सगळ्यांना सांगत असे.

त्या एका शब्दावरून आमच्या घरात काय काय झाले होते, हे आम्हा दोघींना पाठ होते. माझ्या आजोबांच्या पिढीने धर्मांतरानंतर गावकीची कामे सोडली. मिरवणुकीपुढे हलगी वाजवायची आणि नाचायचे, हे त्यांतलेच एक काम होते. हलगी सोडणे हा आमच्या घराण्याचा अभिमान आहे. मी नृत्य शिकते हे कळल्यावर काका पुण्याला फोन करून म्हणाले होते, "आमच्या बापानं हलगी टाकली अन् तू शिकूनसवरून घुंगरं बांधून राहिलीस?"

"घुंगरं बांधत नाही, काका. अनवाणी नाचते."

"मंग तर लईच झालं!"

त्यानंतर आईने माझ्यासाठी एक वेगळा शब्द शोधला. शेजारी विचारले की ती म्हणायची, "तिचे कार्यक्रम असतात." मी प्रत्येक वेळी सगळ्यांसमोर तिला दुरुस्त केले. कार्यक्रम नाही, आई, नाच. मला वाटायचे, आजोबांनी जे टाकले ते दुसऱ्याच्या हुकमाने नाचणे होते. मी उचलले ते माझ्या मर्जीचे आहे. शब्द लपवला तर हा फरकच पुसला जाईल.

आणि आता तोच शब्द मी फक्त एका संध्याकाळपुरता बाजूला ठेवावा, एवढेच करायचे होते. कुणाचे काही बिघडणार नव्हते. कुणाला कळणारही नव्हते.

"नाच आहे, आई," मी म्हणाले.

"मंग झालं तर."

तिच्या आवाजात राग नव्हता. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर आले की ती पुढच्या गणिताकडे वळायची, तशी ती साडीच्या पदराकडे वळली. मी मात्र पुढची घडी होईपर्यंत तिथेच उभी होते. ती 'पण' म्हणेल, असे मला उगाच वाटत होते.

पौर्णिमेच्या संध्याकाळी नांदेडचे सभागृह भरले. एक खुर्ची मी तरीही राखून ठेवायला सांगितली होती. पडदा उघडण्याआधी एका संयोजकाने येऊन विचारले, "मॅडम, लोक उभे आहेत. ती जागा देऊ का?" मी द्या म्हणाले.

रंगमंचावरून प्रेक्षक दिसत नाहीत. समोरच्या दिव्यांमुळे रंगमंचाच्या कडेपलीकडे केवळ काळोख असतो. रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची यांत नाचणाऱ्याला फरक कळण्याचे काही साधन नाही. हे मला पुरते ठाऊक होते, तरी त्या काळोखात एक जागा मला सतत जाणवत राहिली. दार बनून उभ्या असलेल्या मैत्रिणींपुढून मी रिकामे हात घेऊन गेले. कणा झुकला, वजन पडले, सगळे ठरल्याप्रमाणे झाले. टाळ्या पुण्यापेक्षाही जास्त वेळ वाजल्या. बाईंनी मला मिठी मारली आणि म्हणाल्या की आज तू सर्वांत चांगली नाचलीस. असेलही. चाकूरला त्या वेळी आई विहारात पांढऱ्या साडीत बसली होती, उपाशी आणि शांत.

सकाळी संच हैदराबादच्या गाडीत बसला आणि मी लोहा-अहमदपूर मार्गाच्या एसटीत. घरी पोहोचले तेव्हा पुढच्या खोलीत जमिनीवर चादर टाकून मूग पसरले होते. आभाळामुळे बाहेर वाळवता येत नव्हते. आईने नेहमीची छापील साडी नेसली होती. मी चप्पल काढायच्या आत तिने मुगाची चादर चारी टोकांनी धरून कोपऱ्यात ओढली.

"सूर्य उगवून लई वेळ झाला," ती म्हणाली. "दाखव आता."

ती खुर्ची भिंतीला टेकवून बसली. मी सुरू केले. छताचा पंखा फार खाली असल्यामुळे हात वर नेता येईनात. तीन पावलांत भिंत यायची. दारे नव्हती, संगीत नव्हते, पायाखाली सांडलेले मूग टोचत होते. तरी मी कणा झुकवला. आणि मग मला तिचा चेहरा दिसला. तिचे डोळे माझ्या खांद्यांच्या हाडांवर होते, मग टाचेच्या भेगेवर, मग कपाळावरच्या घामावर. एवढ्या जवळून ती लेकीलाच पाहत होती. मधेच उठून तिने पंखा लावला, "हाताला लागंल की गं" म्हणून तोच बंद केला आणि परत बसली.

मी थांबले. "इथं नाही होत, आई."

"तिथं लोक बसतात, तिथं अंधार असतो का?"

"पूर्ण असतो."

"म्हंजे कुणी रडलं तरी कळत नसंल."

"नाही कळत."

"इथं लई उजेड हाय," ती म्हणाली, आणि उठून खिडकीची दोन्ही झडपे लावली. मग दाराकडे गेली. समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. भर सकाळी दार लावले असते तर त्या चौकशीला आल्या असत्या. तिने दार अर्धे लोटले, खुर्ची उचलून उजेडाच्या पट्ट्याबाहेर, कपाटाजवळच्या कोपऱ्यात नेली आणि बसली. तिथून ती मला नीट दिसेनाशी झाली.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.