दुधापाशी वाचलेला अहवाल

ये गं वैशाली, अशी जवळ सरकून बस, आणि आधी चार बोलणी खाऊन घे. नांदेड काय परदेशात हाय? अहमदपूर, लोहा, की आलंच. सकाळी न्याहारी करून निघालेलं माणूस दुपारच्या चहाला लातुरात पोचतं. आणि तू सरांच्या निरोपाला यायचं सोडून मोबाइलवर काय पाठवलंस, तर एक अंगठा! पिवळा अंगठा. मी तो ओट्यावर ठेवून किती वेळ बघत होते. म्हटलं, ह्या पोरीला समोर बसवून सगळं सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. समोर तर येत नाहीस, म्हणून लिहायला घेतलं. ज्यांना ज्यांना असे एखादे सर लाभले असतील, त्यांनीही ऐकावं. घाई कुणालाच नाही, चहा उकळतोय.

तर आपले डायरेक्टर सर. औसा रोडवरच्या एवढ्या मोठ्या मॅनेजमेंट कॉलेजाचे प्रमुख, पण वर्षाचा अहवाल लिहून झाला की तो आधी संस्थेच्या अध्यक्षांकडं जायचा नाही, प्राध्यापकांकडंही जायचा नाही. आधी यायचा माझ्याकडं, कँटीनमध्ये. शेगडीच्या बाजूला उभे राहायचे, चष्मा कपाळावर सारायचे, कागद नाकाला लावायचे आणि सुरू. "अक्का, ऐका. चालू शैक्षणिक वर्षात..."

आता माझं शिक्षण तुला ठाऊक आहे. शाळेत चौथीपर्यंत. पुढचं सगळं पुड्यांच्या कागदांवर, दुकानांच्या पाट्यांवर आणि तुम्ही पोरं वर्ष संपल्यावर टाकून जायचात त्या पुस्तकांत झालं. अशा बाईला कॉलेजचा अहवाल कशाला? पहिल्या वर्षी मी विचारलंच तसं. सर म्हणाले, "तुमचा हात बघायला. तुम्ही चहा हलवताना जिथं हात थांबेल, तिथं मी खूण करणार. जिथं तुम्ही दुसरीकडंच बघाल, तिथं काट मारणार. तुम्हाला नाही कळलं तर ते लिहिणाऱ्याला तरी कुठं कळलंय?" आणि खरंच, दरवर्षी तीच रीत. जो मजकूर माझ्या पळीला थांबवायचा, तो गॅदरिंगला वाचला जायचा. बाकीचा जायचा कचऱ्याच्या डब्यात. प्राध्यापक लोक नाराज व्हायचे, पण काय करणार? एक इंग्रजीवाले सर तर अहवालाच्या आठवड्यात माझ्याशी लई गोड बोलायचे.

दुसरी त्यांची खोड म्हणजे पुस्तक उघडायच्या आधी दुकान दाखवायची. नवा वर्ग आला की पहिला महिना कुणालाच कॉलेजात बसू द्यायचे नाहीत. कुणाला उदगीरच्या मोंढ्यात धान्याच्या आडतीवर, कुणाला औशाच्या भांड्याच्या दुकानात, कुणाला गंजगोलाईच्या बाजारात कापडवाल्याकडं. तुला पाठवलं होतं साड्यांच्या दुकानात, आठवतं ना? तिसऱ्या दिवशी रडत आलीस. "अक्का, मी एमबीए करायला आले आणि तो सेठ मला दिवसभर घड्या घालायला लावतोय." मी तुला पोहे दिले, सरांनी प्रश्न दिला. "आज किती बायका काही न घेता गेल्या?" तुला माहीत नव्हतं. "का गेल्या?" तेही माहीत नव्हतं. "मग उद्या परत जा. घड्या घालता घालता दाराकडं बघ."

आठवड्यानं तू पळत आलीस, ओढणी एकीकडं, चप्पल एकीकडं. "सर, कळलं! ज्यांच्याबरोबर म्हातारी सासू असते ना, त्या लवकर जातात. सासूला बसायला जागाच नाही. उभी राहून पाय दुखले की ती म्हणते, चला!" सरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं तुला आत्ताच डिग्री देतात की काय. दुसऱ्या दिवशी सेठनं दाराशी बाक टाकला. तो बाक अजून आहे. मी गोलाईत गेले की मुद्दाम त्याच्यावर बसते, आणि शेजारणीला सांगते, हा आमच्या वैशालीचा बाक.

सरांना कॉलेजाबद्दल कुणी विचारलं की ते इमारत सांगत नसत, माणूस सांगत. "आमची अमुक पोरगी आज पहिल्यांदा बॉससमोर नाही म्हणाली," असं सांगत यायचे, जसं काही पोरगी दिल्ली जिंकून आली. आणि यंदाचं साल तर असं होतं की सर दिवसातनं चारदा कँटीनमध्ये यायचे, नवी बातमी घेऊन. आपल्या पोरांनी करडईच्या तेलाचा धंदा कसा वाढवावा याची योजना केली, तिला विद्यापीठात पहिला नंबर! "अक्का, लाडू करा!" दोघांनी निलंग्यात स्वतःचं डाळीचं पॅकिंग सुरू केलं. "अक्का, लाडू!" आणि रेणुका. किनवटकडची ती जंगलातल्या पाड्यावरची पोरगी, आश्रमशाळेच्या वसतिगृहात वाढलेली. पहिलं वर्षभर चहा मागायलाही बोट दाखवायची, तोंड उघडायची नाही. तिनं हैदराबादच्या कंपनीवाल्यांपुढं अर्धा तास भाषण केलं. त्या दिवशी सर लाडू करा म्हणालेच नाहीत. नुसते ओट्याला टेकून उभे राहिले. मीच केले.

आता मुख्य गोष्टीकडं येते. अहवालाच्या शेवटी 'पुढील वर्षाच्या योजना' असायच्या, आणि त्यात सगळ्यात शेवटची ओळ दरवर्षी तीच: धंदा करणाऱ्या, पण शाळा सुटलेल्या महिलांसाठी रविवारचा वर्ग. भाजीवाल्या, पापड-चटणीवाल्या, शिलाईवाल्या. दरवर्षी सर ती ओळ लिहायचे, दरवर्षी संस्थेत 'पाहू' म्हणायचे. आणि वैशे, तुला आजवर सांगितलं नाही ते सांगते. त्या ओळीपाशी माझी पळी दरवर्षी थांबायची. इतकी वर्षं मी वर्गात चहा घेऊन गेले. फळ्यावरचं वाचलं, दाराशी रेंगाळून ऐकलंही. पण बाकावर कधी बसले नाही. सरांना माझ्या हातावरनं ते कळलं असणार. त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, फक्त ती ओळ खोडली नाही. आणि यंदाचं साल त्यांचं शेवटचं. ते निवृत्त झाले की ती ओळ लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं.

यंदा मात्र सर नाचतच आले. "अक्का, अध्यक्षसाहेब तयार झालेत! मंजुरीचा कागद त्यांच्या खिशात आहे. गॅदरिंगला माझा अहवाल संपला की स्वतः वाचणार आहेत." मी वर वर म्हटलं, "वा, बरं झालं." आत काय झालं ते मला ठाऊक. मग सर अहवाल वाचायला लागले. माझं ध्यान अर्धं कागदाकडं, अर्धं वर्गातल्या त्या बाकाकडं. 'सुसज्ज, बहुउद्देशीय सभागृह' असा काहीतरी लांबलचक मजकूर आला आणि तेवढ्यात दूध वर आलं! मी पातेल्याकडं धावले, फडकं शोधलं, ओटा पुसला. तोपर्यंत सरांनी शांतपणे अख्ख्या मजकुरावर काट मारलेली. त्यांना वाटलं, अक्काला कंटाळा आला. दूध उतू चाललंय हे त्यांना दिसलंच नाही, चष्मा कपाळावर ना!

गॅदरिंग त्याच सभागृहात. ते अध्यक्षसाहेबांनी स्वतः उभं केलेलं, आईच्या नावानं. उदगीरहून आलेली त्यांची सगळी भावकी पुढच्या रांगेत, त्यांच्या मोठ्या वहिनी इरकल नेसून. सर वाचत गेले, टाळ्या पडत गेल्या. करडईला टाळ्या, डाळीला टाळ्या, रेणुकेला तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. अहवाल संपला. सभागृहाबद्दल एक शब्द नाही. आईचं नाव नाही.

मी दारात चहाचा ट्रे घेऊन उभी. मला अध्यक्षसाहेबांचा चेहरा दिसला. त्यांनी खिशातनं काढलेला कागद हळूच परत घडी घालून आत ठेवला. माइकवर आले आणि म्हणाले, "योजनांबद्दल... पुढच्या वर्षी पाहू." सर गोंधळून इकडं तिकडं बघून राहिले. त्यांना बिचाऱ्यांना काय चुकलं तेच कळेना. पुढचं वर्ष त्यांच्यापाशी नव्हतंच की.

मला नाही राहवलं. ट्रे पहिल्या रांगेतल्या वहिनींच्या हातात दिला, "धरा जरा" म्हटलं आणि पदर खोचून स्टेजवर चढले. माइक कसा धरतात तेवढं तुमचं बघून बघून येत होतं.

"अध्यक्षसाहेब, दूध उतू गेलं हो!"

मग मी सांगितलं. अहवाल कुठं वाचतात, हात कसा बघतात, काट कशी मारतात, सगळं. "सरांचा काही दोष न्हाई. मजकूर होता. मी दुधाकडं पळाले, त्यांना वाटलं मला कळलं न्हाई." आधी पोरं हसली, मग प्राध्यापक, मग उदगीरकर. ट्रे धरून बसलेल्या वहिनी तर इतक्या हसल्या की कप वाजायला लागले. अध्यक्षसाहेब तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "मग अक्का, तुम्हीच सांगा. काय करायचं होतं ह्या सभागृहाबद्दल?"

वैशे, त्यातला एक शब्दही मला आठवत नव्हता. पण सभागृह मला रोज दिसत होतं ना! मी म्हटलं, "साहेब, ही रेणुका बोलायची न्हाई. सकाळी कॉलेज उघडायच्या आत इथं येऊन एकटी बोलायची. खुर्च्या सगळ्या रिकाम्या. मी झाडायला आले की विचारायची, अक्का, कुणाकडं बघून बोलू? मी म्हटलं, तिकडं बघ, मागच्या भिंतीवर. आपल्या मातोश्रींचा फोटो हाय ना, तेवढंच एक माणूस बसलंय ऐकायला. वर्षभर पोरगी त्यांच्याशी बोलली, साहेब. अडली की म्हणायची, थांबा हं आजी, परत सांगते. आणि मग हैदराबादवाल्यांपुढं बोलली."

रेणुका खाली मान घालून बसली होती. अध्यक्षसाहेबांनी खुर्च्यांवरून पलीकडं फोटोकडं बघितलं. मग विचारलं, "हे त्या कापलेल्या मजकुरात होतं?"

"बिलकूल न्हाई. त्यात बहुउद्देशीय होतं."

"मग बरं झालं उतू गेलं," ते म्हणाले, आणि आता मात्र हसले. कागद पुन्हा निघाला. रविवारचा वर्ग मंजूर! एकच अट, वर्ग ह्याच सभागृहात भरायचा, आईच्या समोर. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी खालून ओरडल्या, "अहो अक्का, आता हा ट्रे तरी घ्या!"

पहिल्या रविवारी मी नेहमीसारखी सकाळीच शेगडी पेटवायला आले, तर कँटीनमध्ये आधीच धूर. सर पातेल्यापाशी, शर्टाच्या बाह्या वर. "तुमची जागा तिकडं," म्हणाले, "आज चहा माझ्याकडं." सभागृहात वर्गातले बाक मांडले होते, मी पहिल्या बाकावर बसले. शेजारी गोलाईतली कोथिंबीरवाली, पलीकडं शिलाईवाली. सर ट्रे घेऊन आले आणि दाराशी थांबले, मी थांबायची तसे. चहा नुसता पाक झाला होता, आलं घालायचं विसरलेले. आम्ही सगळ्याजणी प्यायलो, आणि कोथिंबीरवालीनं तर दुसरा कप मागितला.

मग सर निघाले किनवटला. रेणुकेनं नोकरी घेतली नाही, ठाऊक आहे का तुला? तिकडच्या बाया चारोळी, मध गोळा करतात, त्यांना घेऊन काहीतरी उभं करून राहिली आहे. सर म्हणाले, निवृत्त माणसाला याहून चांगली जागा कुठली? मी बसस्टँडवर सोडायला गेले, लाडवांचा डबा घेऊन. मला रडू आवरेना आणि सर आपले पुढच्या वर्षाच्या योजना सांगून राहिलेत! गाडी सुरू झाली तशी खिडकीतनं ओरडले, "अक्का, वर्गाचा अहवाल तुम्ही लिहायचा. आणि आधी कुणाला तरी वाचून दाखवायचा. हात कामात असलेल्या माणसाला!"

लिहिलाय गं. नऊ पानं झालीत. कोथिंबीरवालीनं आता जुड्या बांधायची रीत बदलली, शिलाईवालीनं दोन बाया हाताखाली घेतल्या, मी चटणीच्या पाकिटावर स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, सगळं त्यात आहे. योजनाही आहेत. नांदेडलाही असा एक वर्ग, आणि त्यापुढं कुणाचं नाव लिहिलंय ते आत्ता सांगत नाही. पण वाचू कुणापुढं? कोथिंबीरवालीला वाचून दाखवला, तर ती प्रत्येक ओळीला मान हलवते. मग काट कशावर मारू?

तर ह्या रविवारी ये. फोनवर अंगठा नको, अख्खी ये. तुला शेगडीपुढं उभी करते, पळी हातात देते, आणि मी बाजूला उभी राहून वाचते. तुझा हात कुठं थांबतो ते मला बघायचंय. फक्त एक कर बाई, दूध वर आलं तर आधी मला सांग.