रहीमचाचांनी सगळे शेअर एका दिवसात विकले

मंडळी, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात फिरतेय.

मी बीडमध्ये लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरून देते. आज रहीमचाचा आले. बसस्टँडमागं त्यांचं गॅरेज आहे. त्यांच्या शेअरची फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली आणि बघतच राहिले. सात वर्षं एकाच मोटारसायकल कंपनीचे शेअर, दरवर्षी डिव्हिडंड, आणि गेल्या वर्षी एका दिवसात सगळे विकलेले!

सॉफ्टवेअरनं खरेदीची तारीख विचारली, विक्रीची विचारली. कारण विचारलं नाही, म्हणून मीच विचारलं.

"चाचा, चांगले चालले होते की. कावून विकले?"

"बेटी, त्या कंपनीच्या गाड्या माझ्याकडं फक्त ऑइल बदलायला यायच्या. म्हणून शेअर घेतलते. आता नवीन गाड्या इंजिन खोलायला यायल्यात. मग विकून टाकले."

रिटर्न भरून झालं. निघताना चाचांना दारात त्याच कंपनीची माझी नवी गाडी दिसली.

"चालू कर बरं जरा."

कान देऊन ऐकलं आणि हळूच म्हणाले, "वॉरंटी हाय ना?"

गाडीला आहे हो. पण त्याच कंपनीचे शेअर माझ्याकडंही आहेत, त्यांचं काय? तुम्ही असता तर उद्या सकाळी विकले असते का?